डाव्या बाजूचा मागचा दोर

बावीस वर्षांत आपल्या बोटीचा एक दोर कधी सुटला नाही, हे एवारिस्तो ओयार्सो प्रत्येक नव्या पाहुण्याला सांगायचा. पहिल्याच जेवणाला सांगायचा. माणूस तसा गर्विष्ठ नव्हता. पण एवढी एक गोष्ट त्यानं स्वतःच्या हातानं मिळवलेली होती, आणि ती सांगताना त्याचा आवाज जरा चढायचा.

चिलोए बेटावर बटाटे पिकवणाऱ्याचा तो पाचवा मुलगा. सोळाव्या वर्षी खेकड्यांच्या बोटीवर चढून जगाच्या दक्षिण टोकाच्या नावारिनो बेटावर आला आणि तिथल्या पोर्तो विल्यम्स गावाचाच झाला. थंड पाण्यातले पिंजरे ओढून ओढून त्याच्या डाव्या करंगळीची जाणीव कायमची गेली. पुढं शिडाच्या बोटी यायला लागल्या, दक्षिणेकडच्या बर्फात पाहुणे घेऊन जायला लागल्या. तो आधी त्यांवर स्वयंपाकी झाला, मग खलाशी, आणि पन्नाशीच्या आत दोन्या इर्माच्या ‘पासिएन्सिया’चा कॅप्टन. दोन्या इर्मा म्हणजे बोटीची मालकीण, गावातच राहणारी, विधवा, कमी बोलणारी. आमच्याकडं मान देऊन बोलताना बाईच्या नावाआधी दोन्या लावतात, पुरुषाच्या नावाआधी दोन.

त्याच्या हाताखाली सात हंगाम नेल्दा होती. नेल्दा गिनेओ, त्याच्या जिवलग आमादोरची मुलगी. ती दीड महिन्याची असताना देवळात तिला हातांवर धरून एवारिस्तोनं शब्द दिला होता की या पोरीला मी सांभाळीन. म्हणून ती त्याला पाद्रिनो, म्हणजे धर्मबाप, म्हणायची. आणि आमादोर व तो एकमेकांना कोंपाद्रे म्हणायचे. आमच्याकडं हे नातं सख्ख्या भावापेक्षा जवळचं धरतात. यंदा दोन्या इर्मानं दुसरी बोट घेतली होती. ‘‘या फेरीहून आलात की नेल्दाचं बोलू,’’ एवढंच ती म्हणाली होती. पण गावानं तेवढ्यावरून नेल्दाला कॅप्टन करून टाकलं होतं.

जानेवारीतल्या त्या फेरीला पाच पाहुणे होते. सान्तियागोचे नोटरी दोन बाल्तासार आणि त्यांची बायको, वाल्दिवियाच्या दोघी बहिणी, आणि दोन्या ग्रासिएला नावाच्या गणिताच्या निवृत्त बाई. पाचव्या दिवशी बोट बर्फात पोचली आणि एका छोट्या खाडीत शिरली.

अशा खाडीत नुसत्या नांगरावर भागत नाही. वाहत येणारे बर्फाचे तुकडे बोटीला ढकलत नेतात. म्हणून चार दोर चार बाजूंनी किनाऱ्याच्या खडकांना बांधायचे. खडकाची धार दोराला करवतीसारखी कापते, त्यामुळं आधी खडकाभोवती पोलादी तारेचं वेटोळं घालायचं आणि दोर त्या तारेला अडकवायचा. आणि ज्यानं दोर बांधले, त्यानं ते हातानं ओढून पाहिल्याशिवाय जेवायला बसायचं नाही. हा नियम कुठं लिहिलेला नाही. पण तो मोडणाऱ्याला आमच्याकडं कुणी दुसऱ्यांदा बोटीवर घेत नाही.

त्या दिवशी नेल्दा खाली नोटरीबाईंच्या पुढ्यात बादली धरून बसली होती. त्यांना बोट लागली होती. म्हणून दोर बांधायला रबरी होडीतून एवारिस्तो स्वतः गेला. तीन वेटोळी हाताशी होती. चौथं बटाट्याच्या पोत्यांखाली अडकलेलं.

‘‘कॅप्टन!’’ वरून लाल जाकीट घातलेले दोन बाल्तासार ओरडले. ‘‘पेंग्विन पेन्शनीत निघाल्यावर नेणार का आम्हाला?’’

सगळे हसले. एवारिस्तोही हसला. पोती उपसायची म्हणजे अर्धा तास. तासाभरात बदलू असं म्हणून त्यानं डाव्या बाजूचा मागचा दोर नुसताच खडकाला गुंडाळला.

पेंग्विन झाले, फोटो झाले. परत आल्यावर नेल्दानं कोकराची काझुएला वाढायला घेतली. रश्श्यातून मक्याची कणसं वर आली होती, आणि सगळ्यांना कडकडून भूक लागलेली.

‘‘पाद्रिनो, दोर पाहिलेत?’’ तिनं डाव हातात धरूनच विचारलं.

‘‘पाहिले गं. वाढ तू.’’

आणि जेवता जेवता त्यानं पाहुण्यांना बावीस वर्षांची गोष्ट सांगितली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा फिरला. घराएवढा बर्फाचा तुकडा खाडीत शिरला आणि नेमका त्या दोरावर रेलला. दोर ताणला, खडकाच्या धारेवर मागंपुढं घासला आणि बंदुकीसारखा आवाज करून तुटला. बोटीची मागची बाजू गरकन फिरली, खडकावर आदळली, सुकाणू वाकलं. नेल्दानं धावत जाऊन इंजिन चालू केलं, एवारिस्तोनं उरलेले दोर ओढले, आणि अर्ध्या तासात बोट सुटून सुरक्षित पाण्यात आली. कुणाचा जीव गेला नाही, ही देवाची दया. दोन बाल्तासारांचं कपाळ मात्र दारावर आपटून फुटलं होतं.

ते रक्त पुसत वर आले. ‘‘तो दोर बांधला कुणी?’’

पाचही पाहुणे समोर उभे होते. एवारिस्तोनं त्यांच्याकडं पाहिलं, आणि काय बोलावं हे ठरायच्या आतच त्याच्या तोंडून निघालं, ‘‘नेल्दानं. तुम्ही पेंग्विन बघत होता तेव्हा पुन्हा बांधला.’’

नेल्दा तिथंच होती. ओला दोर तिच्या हातात होता. तिनं त्याच्याकडं पाहिलं, अनोळखी माणसाकडं पाहावं तसं. पाहुण्यांसमोर कॅप्टनला खोटं पाडायचं नाही, ही बोटीवरची शिस्त तिला त्यानंच शिकवली होती. ती म्हणाली, ‘‘दोन बाल्तासार, बसा. कपाळ बघू द्या.’’ आणि औषधाचा डबा आणायला खाली गेली.

खरं सांगायला त्याला तेव्हा फक्त चार पावलं जायचं होतं. तो गेला नाही. आता जातो, कपाळ बांधून झाल्यावर जातो, जेवणानंतर जातो, असं करत दिवस गेला.

सकाळी आठला सगळ्या बोटी रेडिओवर एकमेकींना हाक देतात. कुठं आहोत, बर्फ किती, सगळं सांगतात. गावातही घरोघरी तो रेडिओ लागलेला असतो. सुकाणूचं सांगणं भाग होतं. एवारिस्तोनं सांगितलं, एक दोर गेला.

‘‘तुझा दोर?’’ खेकड्यांच्या बोटीवरचा म्हातारा त्रान्सितो रेडिओवर खो खो हसला. ‘‘अरे, जग बुडतंय की काय! सांग, कुणी बांधला होता?’’

‘‘पोरीनं.’’

‘‘हात्तिच्या! मग ठीक. पोरीला आता स्वयंपाकाला लाव बाबा, आम्हाला काझुएला तरी मिळेल!’’

दहा-बारा बोटी हसल्याचं ऐकू आलं. शिडीवर नेल्दा हातात कॉफीचे मग घेऊन उभी होती. तिनं त्याचा मग शेजारी ठेवला. ‘‘तुमची कॉफी, कॅप्टन.’’

सात हंगामांत तिनं त्याला कॅप्टन म्हटलं नव्हतं.

त्या रात्री प्रार्थना करताना तो अडला. रोज तो बायकोचं, मुलांचं आणि नेल्दाचं नाव घ्यायचा. नेल्दाच्या नावापाशी त्याची जीभ उचलेना. घेतलं नसतं तरी देवाला कळलं असतं, घेतलं असतं तरी कळलं असतं. त्यानं प्रार्थना तशीच अर्धी सोडली. मग रोजच सोडली.

वाकलेल्या सुकाणूनं घरी यायचं म्हणजे सहा दिवस. बर्फातून बाहेर पडतानाच धुकं आलं. नेल्दा तीन तास बोटीच्या टोकाला काठी घेऊन उभी राहिली. ती ‘डावीकडं’ म्हणाली की तो डावीकडं वळवायचा, ‘थांब’ म्हणाली की थांबायचा. त्याला पुढचं काही दिसत नव्हतं. बोटीवरचे सात जीव तिच्या शब्दावर चालले होते, आणि तो मागं उभा राहून तिचा शब्दन् शब्द पाळत होता. धुकं सरल्यावर ती खाली आली तेव्हा तिची बोटं पांढरीफटक पडली होती. त्याला ती स्वतःच्या हातात घेऊन चोळावीशी वाटली, लहानपणी चोळायचा तशी. धीर झाला नाही.

दोन बाल्तासार तिनं चालवलेल्या होडीत बसायला आधीच नाही म्हणाले होते. आता ते तिनं वाढलेल्या ताटाकडंही शंकेनं बघत. पण एवारिस्तोला मोडलं ते दोन्या ग्रासिएलांनी. भली बाई. नेल्दाजवळ बसून तिचा हात धरून म्हणाल्या, ‘‘असू दे हं, बाळा. माझ्या वर्गात चुकणारी मुलंच पुढं हुशार निघाली. पुढच्या वेळी नीट बांधशील.’’

‘‘हो, दोन्या ग्रासिएला,’’ नेल्दा म्हणाली. ‘‘नीट बांधीन.’’

ते त्यानं ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओवर हजेरी सुरू झाली तेव्हा त्यानं पाचही पाहुण्यांना खाली बोलावलं आणि मग बटण दाबलं.

‘‘पासिएन्सिया बोलतेय. दोर मी बांधला होता. वेटोळं न घालता बांधला आणि न बघता जेवलो. नेल्दानं विचारलं होतं, मी पाहिला म्हणालो. तिचं नाव मी खोटं सांगितलं.’’

 रेडिओवर त्रान्सितोचा आवाज आला, हसू नसलेला. ‘‘ऐकलं.’’

दोन बाल्तासार कपाळाची पट्टी चाचपत म्हणाले, ‘‘म्हणजे ती बावीस वर्षंही अशीच का?’’ एवारिस्तोनं रेडिओचा माइक खुंटीला अडकवला. 

तो वर गेला. नेल्दा सुकाणूवर होती. झडपेतून तिनं सगळं ऐकलं होतं.

‘‘पाच दिवस,’’ ती समोर बघत म्हणाली.

‘‘हो.’’

‘‘पाच दिवस सगळ्यांनी माझं नाव चघळलं. आज सगळ्यांनी ऐकलं असंल असं वाटतं का तुम्हाला? माझ्या बापानं पहिल्याच दिवशी रेडिओ बंद करून कपाटात टाकलाय. कुणाला दारात उभं करत नाहीत. आईनं शेजारच्या रेडिओवरून कळवलं. त्यांना तुम्ही जाऊन सांगा. तुमच्या तोंडानं.’’

धक्क्याला लागल्यावर त्यानं घरचं तोंडही पाहिलं नाही. तडक आमादोरकडं गेला. आमादोर अंगणात खेकड्यांचा पिंजरा विणत बसला होता. त्यानं उठून मिठी मारली. ‘‘कोंपाद्रे, माफ कर. पोरीनं तुझं नाव घालवलं. मीच इर्माकडं जाऊन सांगून आलो, की दुसरी बोट हिला देऊ नकोस. तुझ्यापुढं मला तोंड दाखवायला जागा नाही.’’

एवारिस्तोला त्या मिठीतून सुटता येईना. त्या अवस्थेतच, त्याच्या खांद्यावर तोंड असताना, त्यानं सगळं सांगितलं.

आमादोरचे हात हळूहळू सैल झाले. तो मागं सरला. शिवी देईल, मारील असं वाटलं. त्यानं पिंजरा बाजूला ठेवला, टोपी घेतली आणि म्हणाला, ‘‘चल.’’ वाटेत तो चार पावलं पुढं चालला. गावातली माणसं दारातून बघत होती. एवारिस्तोनं मान वर केली नाही.

दोन्या इर्मानं दोघांना दारातच उभं ठेवलं. ‘‘रेडिओवर ऐकलंय मी,’’ ती म्हणाली. ‘‘पण दुसरी बोट मी परवाच पाण्यापलीकडच्या उशुआया गावच्या माणसाला दिली. बापच येऊन नको म्हणाला, तर मी काय करणार? दिलेला शब्द फिरवत नाही मी.’’

‘‘मग माझी बोट द्या तिला,’’ एवारिस्तो म्हणाला.

‘‘तुमची?’’ तिनं चष्म्यावरून पाहिलं. ‘‘बोट माझी आहे, दोन एवारिस्तो. आणि तुम्ही देणार म्हणून ती द्यायची नाही मला. धुक्यातून सात माणसं बाहेर काढली त्या पोरीनं, म्हणून द्यायचीय. सुकाणू बसलं की पासिएन्सिया तिची. तुमचं पुढच्या हंगामाला बघू.’’

आमादोर टोपी हातात फिरवत होता. फाटकाबाहेर आल्यावर एवारिस्तोनं हात पुढं केला. आमादोरनं त्या हाताकडं पाहिलं.

‘‘मी माझ्या पोरीविरुद्ध बोलून आलो,’’ तो म्हणाला. ‘‘तिच्या तोंडून एक शब्द ऐकण्याआधी. तुझ्यावर विश्वास होता म्हणून. आता मी घरी जाऊन तिला काय सांगू, ते मला बघायचंय. तुझं नंतर.’’

तो घराकडं वळला. एवारिस्तो दोन्या इर्माच्या फाटकापाशी उभा राहिला. खाली धक्क्यावर नेल्दा वाकलेलं सुकाणू बघायला पाण्यात उतरली होती, आणि वरून कुणीतरी तिचा दोर धरून ठेवला होता. कोण होतं ते इथून दिसत नव्हतं.