हलीजाच्या शेडमधला चीक

हलीजाचा नवरा सुलोंग सिंगापूरला कामाला गेला आणि तिकडेच दुसरा संसार मांडून बसला. सुरुवातीला ती रडली, मग भांडायला जाते म्हणाली, मग तेही बंद झालं. काझींकडे जाऊन मोकळी हो, असं मी शेजारीण म्हणून कितीदा सांगितलं. "जाईन," म्हणायची. गेली नाही. रबराची झाडं मात्र सोडली नाहीत. पाऊस नसला की पहाटेच चिरायला निघायची, कारण ऊन तापलं की चीक झाडाला बांधलेल्या वाटीतच गोठायला लागतो.

ईदनंतर एका सकाळी आम्ही दोघी तिच्या शेडमध्ये चीक गाळून ट्रेमध्ये ओतत होतो. दारात सुलोंग उभा. केस पिकलेले, हातात प्लास्टिकची पिशवी.

"अजून हेच ट्रे?" तो म्हणाला.

"हो. आत भात आहे, मासा आहे. जेवून घ्या," हलीजा म्हणाली आणि गाळत राहिली.

मला राहवेना. "एवढ्या वर्षांनी वाट कशी सापडली रे? तिकडची भात घालेनाशी झाली का?"

तो पिशवी कोपऱ्यात ठेवून ट्रेजवळ आला.

हलीजा विहिरीवर पाण्याला गेली. चिकात पाणी मिसळायचं, ॲसिडही पातळ करून थोडंथोडं घालायचं, म्हणजे तो सावकाश, एकसारखा गोठून धरतो. सुलोंगने तोवर ॲसिडची बाटली उचलली आणि तशीच ट्रेमध्ये ओतली. मी ओरडेपर्यंत चिकाचे गोळे झाले होते, मध्येमध्ये फेस.

"जास्त घातलं की लवकर धरतं. म्हटलं, हिचं काम उरकेल," तो पुटपुटला.

हलीजा आली. ट्रे पाहिला. बोटाने एक गोळा दाबला.

"असू दे. भंगार रबरात जाईल, कमी भावाने," म्हणाली आणि दुसरा ट्रे मांडला.

संध्याकाळी मी विचारलं, "अगं, राग तरी आला का?"

"यायला हवा होता, नाही? मी वाट पाहिली. आलाच नाही."

"मग हाकलून दे त्याला."

"हाकलायलाही काहीतरी वाटावं लागतं गं."

तो पुढच्या खोलीत झोपतो. आता ताटं दोन लागतात. चीक गाळताना ती त्याला हाक मारत नाही. तो आपणहून आला, तर जरा सरकून जागा करून देते.