आबांच्या मेंदूची रात्रपाळी

आमच्या आबांचा मेंदू कायमचा रात्रपाळीला होता, आणि त्याला रिटायर कसं करायचं हा घरापुढचा प्रश्न होता.

आबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. शिरपूरकडे आमची केळी. शेताला वीज मिळायची ती रात्रीच (तीही तिच्या मर्जीने!), त्यामुळे आबांची हयात रात्री केळीला सरी-सरीने पाणी भरण्यात गेली. पुढे गुडघ्यांनी राजीनामा दिला आणि आबा धुळ्याला माझ्याकडे राहायला आले. पण मेंदूला हे कोणी कळवलंच नाही. घर निजलं की आबा टक्क जागे! मोटर बंद पडली म्हणून उठायचे आणि आमच्या टेबलफॅनची चौकशी करायचे.

एकोणीसशे नव्वदच्या आसपासची गोष्ट. धुळ्याच्या एका डॉक्टरांनी झोपेची गोळी द्यायला साफ नकार दिला. "मेंदूला जागायची सवय लागलीय, तशीच झोपायची लावू," ते म्हणाले. "मन शांत होईल असं काहीतरी घरातल्या कोणी रोज, त्याच आवाजात, सावकाश सांगायचं. आबा, तुम्हाला सगळ्यात शांत कधी वाटतं?"

"शेवटनी सरीले पानी पोचस तव्हय."

बाहेर पडताच आबा उखडले. "सुई नही, गोळी नही, हाऊ कसाना डाक्टर?"

सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं. (मी पाटबंधारे खात्यात कारकून, घरच्यांच्या मते पाण्याचा अनुभव मलाच!) पहिल्या दिवशी मी गंभीर आवाज लावला, "आबा, मोटर सुरू झाली. पाणी पहिल्या सरीत आलं… हळूहळू चाललंय…"

आबा ताडकन उठून बसले. "पह्यली सरी उतारनी शे! तठे पानी हळू जास का?"

"बरं. भरभर चाललंय."

"आन् बांध फुटना म्हंजे?"

सुरुवातीला मीच बोलता बोलता लुढकायचो आणि आबा माझ्या अंगावर गोधडी घालायचे. पण मी चिवटपणे पाणी सोडत राहिलो. हळूहळू आबा तिसऱ्या सरीला घोरू लागले, मग दुसऱ्या. पुढे पुढे तर मी नुसता आवाज लावला की त्यांच्या पापण्या जड व्हायच्या. मला स्वतःचा भलताच अभिमान वाटू लागला.

त्याच सुमारास धरणगावच्या एका मुलीचं स्थळ आलं. मी तिला एका लग्नाच्या पंगतीत वाढताना पाहिलं होतं, आणि तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं. लग्न ठरलं तर हिच्याशीच! आमच्याकडून बोलणार अर्थातच आबा. "तू तोंड उघडू नको," एसटीतच त्यांनी बजावलं.

बैठक छान रंगली होती. आबा जोरात होते. एवढ्यात मुलीचे वडील, नाना, माझ्याकडे वळले. "भाऊ, हापिसमा तुम्हनं काम काय ऱ्हास?"

मी घाबरलो. घाबरलो की माझा आवाज फार संथ होतो. "पाटाला पाणी सुटतं, त्याची नोंद ठेवतो… पाणी आधी पहिल्या चारीत येतं… मग हळूहळू दुसऱ्या…"

तिसरी चारी आलीच नाही. आबा कलले, त्यांचं डोकं थेट नानांच्या खांद्यावर विसावलं आणि घोरणं सुरू!

नानांनी आबांच्या तोंडाजवळ नाक नेलं. "पियेल शेतस का?"

"नाही हो! त्यांच्या मेंदूचा इलाज चालू आहे!"

आत भांड्यांचा आवाज थांबला. "मेंदूना?" असं म्हणून नानांनी पोह्यांची बशी माझ्यापासून लांब सरकवली. माझं लग्न चपला घालून दाराबाहेर निघालेलं मला स्पष्ट दिसलं. मी घाईघाईने सगळं समजावून सांगू लागलो, पण मी जितकं समजावीन तितके आबा जास्तच घोरू लागले (औषधच ते!). शेवटी मी त्यांच्या कानात ओरडलो, "आबा, लाईट गयी!"

"मोटर पाह्य रे!" म्हणत आबा उठले आणि परक्याच्या बैठकीत चपला शोधू लागले.

नानांनी हाताची घडी घातली. "खरं व्हई तं आते आमना समोर करी दखाड."

मी पुन्हा मोटर सुरू केली. दुसऱ्या सरीला आबा गेले. चौथ्या सरीला नानांची हनुवटी छातीला टेकली! दाराआडून एक हसू फुटलं, आणि ते कोणाचं हे मला कोणी सांगावं लागलं नाही.

नानांची थोरली बहीण, अक्का, बाहेर आली. दोन्ही घोरणाऱ्यांना तिने नीट न्याहाळलं आणि निकाल दिला, "ज्या घरना मोठा मानूस परका घरमा असा निर्धास्त झोपस, त्या घरमा आपली पोर सुखमा राही. यासले उठू द्या, मंग फोडा सुपारी!"

आबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. बायको अजूनही माझ्या दुसऱ्या वाक्याला झोपते. इतक्या वर्षांत माझी एकही तक्रार पूर्ण झालेली नाही.

आणि आता माझीच झोप उडालीय. डोळे मिटून मी स्वतःलाच सांगतो, मोटर सुरू झाली, पाणी पहिल्या सरीत आलं, हळूहळू चाललंय… आणि तिथे जरा थांबतो. 'उतारनी शे!' म्हणून कोणी ओरडत नाही. आबांची फार आठवण येते. मग पुढे पाणी शेवटच्या सरीला पोचतं, बांध ओलांडून शेजाऱ्याच्या शेतात शिरतं, तरी मी टक्क जागा! माझं बोलणं ऐकून ज्याला आता झोप येत नाही असा जगात एकच माणूस निघावा, आणि तोही मीच!