घरच्यांनी बाहेर बसायचं

आमच्या संस्थेत एक नियम होता आणि तो मीच हट्टानं करून घेतला होता. निवडीच्या दिवशी कुणाच्या नात्यातलं मूल तपासणीला आलं, तर त्या माणसानं खोलीत थांबायचं नाही, काही सुचवायचंही नाही. मग तो शिक्षक असो की विश्वस्त. घरच्यांनी बाहेर बसायचं.

अंधेरी पूर्वेला एका जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर आमची मतिमंद मुलांची शाळा होती. मागच्या अंगणात पत्र्याची शेड टाकून अठरा वर्षांवरच्या मुलांसाठी कार्यशाळा काढली होती. पाकिटं चिकटवायची, खडू पाडायचे, मेणबत्त्या करायच्या. मी तिथं समाजसेविका होते. घरोघर जायचं, आईबापांशी बोलायचं, मुलाला काय जमतं ते पाहायचं आणि त्याला कुठं घालावं ते सांगायचं, हे माझं काम. आईबापांना वाटायचं मी त्यांच्या बाजूची. संस्थेला वाटायचं पगार आम्ही देतो, म्हणजे ही आमच्या बाजूची. दोन्हीकडून ओढाताण व्हायची. ऐंशी साल उलटून दोनतीन वर्षं झाली होती, मी पस्तिशीला टेकले होते आणि संध्याकाळी घरी पोचल्यावर चपला काढायचाही कंटाळा यायचा.

नियम करायचं कारण असं झालं. कार्यशाळेत एकच जागा रिकामी होती. मरोळच्या एका रिक्षावाल्याचा मुलगा तिला अगदी योग्य होता, मी तसं सांगितलंही होतं. पण एका विश्वस्तांचा पुतण्या त्याच दिवशी आला. काका टेबलामागे बसले. प्रश्न विचारला जायचा पुतण्याला, आणि उत्तर द्यायचे काका. "येतं हो त्याला, आज जरा बुजलाय." तपासणी करायला त्या दिवशी ऑफिसातला क्लार्क बसला होता, कारण तेव्हाची तपासणारी शिक्षिका रजेवर होती आणि मी आधीच एकाची शिफारस केलेली. जागा पुतण्याला गेली. रिक्षावाल्याची बायको भांडायला आली असती तर मला बरं वाटलं असतं. ती आलीच नाही. असंच होणार हे तिला आधीच ठाऊक असल्यासारखी मुलाचा हात धरून निघून गेली.

मग मी मुख्याध्यापिकांच्या मागे लागले. आम्ही सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणायचो. मी म्हटलं, दोन गोष्टी ठरवा. तपासणारा माणूस मतिमंदांना शिकवायचा डिप्लोमा झालेलाच हवा आणि नात्यातलं कुणी आत नको. बैठकांमधून पुष्कळ वाद झाला. ते विश्वस्त माझ्याशी बोलेनासे झाले. पण नियम झाला.

मग माझ्या भावाची पाळी आली.

धाकटा भाऊ माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान. त्याला शाळेत घालायचा प्रयत्न लहानपणी झाला होता, तो टिकला नाही. पुढं गिरणीतली नोकरी सुटल्यावर वडील घरीच असायचे आणि हा त्यांच्या शेपटासारखा. पाणी भरायला दोघं, बाजाराला दोघं, देवळात दोघं. वडील असेपर्यंत आईनं मला कधी त्याच्याबद्दल विचारलं नाही. वडील गेले आणि भाऊ आमच्या जोगेश्वरीच्या खोलीच्या उंबऱ्यात बसायला लागला. सकाळी बसायचा तो दुपारपर्यंत. कुणी जवळ गेलं की दोन्ही हात काखेत दाबून धरायचा. आई पूजेच्या सामानाच्या दुकानाला वाती वळून द्यायची. तीही उंबऱ्याकडे पाहत वाती वळायची.

एक दिवस ती म्हणाली, "तू सगळ्या जगाची पोरां बघतंस. ह्याचा काय?"

कार्यशाळेत तेव्हा पुन्हा एक जागा रिकामी झाली होती. मी अर्ज केला. रांगेतून केला, सगळ्यांसारखा.

आता संस्थेत डिप्लोमा झालेल्या आम्ही दोघीच. एक मी, आणि दुसरी माझ्याहून बरीच लहान, नुकतीच शिकून आलेली शिक्षिका. केस तिच्याकडे जाणार हे उघड होतं. ती मला स्टाफरूममध्ये गाठून म्हणाली, "ताई, मला नका ना ही केस देऊ."

"मग कोण घेणार गं? क्लार्क?"

"तसं नाही. पण तुमचा भाऊ, म्हणजे मला कसंतरीच होतंय."

"तू त्याला इतरांसारखाच बघ," मी म्हटलं. म्हणायला काय जातं.

ती आमच्या घरी येऊन गेली. आईनं पोहे केले, शेजारणीकडून खुर्ची आणली. भाऊ मोरीत जाऊन उभा राहिला तो ती जाईपर्यंत बाहेर आला नाही. मी त्या दिवशी मुद्दाम घरी थांबले नव्हते. नियमात तसं काही नव्हतं, पण मला ते बरं वाटलं.

तपासणीच्या दिवशी आईनं त्याला मामाच्या लग्नातला शर्ट घातला होता. तो दंडात घट्ट झाला होता. आम्ही तिघं व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. त्या बाकावर मी इतकी वर्षं लोकांना बसवलं होतं, स्वतः कधी बसले नव्हते. खोलीच्या दाराला हिरवा पडदा होता. भावाला आत नेलं, पडदा खाली पडला, आणि आतलं सगळं ऐकू यायला लागलं.

"हा मणी कुठल्या रंगाचा? सांग बघू."

काही नाही.

"लाल कुठला? बोट दाखव. बरं, हा या खुंटीवर घाल. असं."

काही नाही. खुर्ची करकरली. मला न बघताच कळत होतं की त्यानं हात काखेत घातलेत. मला हेही माहीत होतं की समोर वस्तू ठेवून आपण दुसरीकडे बघायला लागलो, स्वतःचं काहीतरी करत बसलो, तर थोड्या वेळानं तो हळूच हात बाहेर काढतो. मग तो मण्यांचे रंगच काय, आकारही वेगळे करून ठेवेल. दुसऱ्या कुठल्याही मुलाच्या बाबतीत मी हे आधीच सांगून ठेवलं असतं, ते माझं कामच होतं. याच्या बाबतीत मी काही सांगायचं नव्हतं.

आई माझ्या दंडाला कोपरानं ढोसत होती. "जा ना. सांग तिला."

"आई, मला जाता येत नाही."

"दार उघडाच आसा."

मी गेले नाही. थोड्या वेळानं पडदा सरला. शिक्षिका माझ्याकडे न पाहता आईशी बोलली. सध्या कार्यशाळेत जमेल असं वाटत नाही, वर्षानं पुन्हा आणा.

स्टेशनकडे जाताना आई भराभरा पुढं चालत होती. भाजीवाल्यांच्या गर्दीत मध्येच थांबली आणि तिथंच सुरू झाली. "तू थंयच होतंस मां? मग तोंडात मिठाची गुळणी धरून कित्याक बसलंस? परक्या पोरांसाठी भांडतंस, सायबांशी भांडतंस. आपल्या भावासाठी एक शब्द जड झालो?"

"तसा नियमच आहे आई."

"कोणी केलो तो?"

मी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि चालायला लागले. भाऊ आमच्या मागून येत होता, खुशीत होता. त्याला कुणी काही विचारत नव्हतं ना आता.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी मला बोलावलं. "तुम्ही म्हणत असाल तर मी स्वतः एकदा पाहते त्याला. वेगळं बसवून."

वेगळं बसवून. रिक्षावाल्याच्या मुलाला कुणी वेगळं बसवून पाहिलं नव्हतं. आणि त्या विश्वस्तांचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आला, ते काय म्हणतील तेही ऐकू आलं. मी म्हटलं, "नको. वर्षानं आणीन." तत्त्वाचं बोलले असं बाईंना वाटलं असेल. खरं सांगायचं तर आणखी एक वाद अंगावर घ्यायची ताकदच माझ्यात उरली नव्हती.

शिक्षिका दोन दिवस मला टाळत होती. शेवटी चहाच्या वेळी समोर येऊन बसली. कपात बघत म्हणाली, "ताई, तुम्हाला असं तर वाटत नाही ना, की तुमचा भाऊ म्हणून मी जास्त कडक झाले?"

"झालीस का?"

तिचे डोळे भरले. "मला नाही माहीत हो. दुसरं कुणी असतं तर मी आणखी थोडा वेळ थांबले असते कदाचित. पण सारखं वाटत होतं, सगळे म्हणतील ताईंचा भाऊ म्हणून घेतला."

तिला झोडायचं तर तीही माझ्याच नियमाखाली दबली होती. मी म्हटलं, "चहा पी, गार होतोय."

ती जागा घाटकोपरच्या एका मुलाला मिळाली. चांगला होता, हसतमुख, पाकिटं सुबक करायचा. त्याची केस माझ्याकडेच आली. त्याची प्रगती मी दर महिन्याला लिहायची. लिहिताना दर वेळी स्वतःला तपासून पाहायचे, आपण हातचं राखून तर लिहीत नाही ना. किंवा उलट, मनातलं कळू नये म्हणून जास्त तर लिहीत नाही ना. त्या पोराला यातलं काहीच माहीत नव्हतं. मला बघितलं की तो लांबूनच हात हलवायचा.

भाऊ पुन्हा उंबऱ्यात बसला.

त्याच सुमारास मुलुंडहून एक गृहस्थ आमच्याकडे चौकशीला आले. सरकारी ऑफिसातून निवृत्त झालेले, त्यांची मुलगी मतिमंद. त्यांनी आणखी काही आईबाप जमवून सोसायटीच्या हॉलमध्ये दिवसाचं केंद्र चालू केलं होतं. यातलं शिकलेलं कुणी नाही. मुलांच्या आयाच पाळीपाळीनं सांभाळायच्या. त्यांना मार्गदर्शन हवं होतं. मी ते दिलं, आणि ते उठायला लागल्यावर विचारलं, "माझा भाऊ आहे. आणू का?"

"आणा की! विचारता काय?"

तपासणी नाही, खुंट्या नाहीत. आई त्याला घेऊन जायला लागली. जोगेश्वरी ते मुलुंड म्हणजे काही सोपं नव्हतं. गोरेगावला जायचं, आरे कॉलनीतून जाणारी बस पकडायची, पुढं पवईला बदलायची. पण भावाला ती बस आवडायची, तबेले आले की तो खिडकीला नाक लावायचा. इतक्या लांबून परत कुठं जायचं म्हणून आईही दिवसभर तिथंच थांबायची. वेळ जावा म्हणून ती वातींचा कापूस बरोबर न्यायची. कुणी भावाला काही विचारत नव्हतं, कुणी बघत नव्हतं. काही आठवड्यांनी आई एकदा स्वयंपाक करता करता भावाकडे बघून म्हणाली, "आज झिलानं वाती वळल्यान." एवढंच म्हणाली आणि भाकरी उलटली.

तिथं तो रमला. पण अनुदान मिळवायचं तर केंद्रात डिप्लोमा झालेलं माणूस हवं, असं त्या गृहस्थांना सांगण्यात आलं. ते थेट माझ्याकडे आले.

"तुम्हीच या ना. तुमचं शिक्षण आहे, अनुभव आहे."

"माझा भाऊ आहे तिथं."

"मग काय झालं?"

"उद्या कुणाला ठेवायचं, कुणाला नाही, हे मी ठरवणार. त्यात तो पण येणार. मला नाही जमायचं."

ते म्हणाले, "बाई, माझी मुलगी तिथं आहे आणि केंद्र मी चालवतो. आमच्याकडे आहेत ते सगळे घरचेच. आम्ही सगळे बाहेर बसलो तर आत कोण राहील?"

ते टोचून बोलत नव्हते, खरंच विचारत होते. आमच्या संस्थेला पैसे होते, दोघी का होईना शिकलेल्या होत्या, म्हणून आम्हाला तो नियम परवडत होता. तरी तो चुकीचा होता असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. मुलाचा हात धरून निघून गेलेली ती रिक्षावाल्याची बायको मी पाहिली होती.

शेवटी असं ठरलं की मी नोकरीवर यायचं नाही, अनुदानाच्या कागदांवर सही करायची नाही. रविवारी येऊन आयांना शिकवायचं, तेही भावाला सोडून बाकीच्या मुलांबद्दल. त्यांनी ठाण्याची एक नवीन डिप्लोमावाली मुलगी ठेवली. ती चांगली होती, पण तिला कायमची नोकरी लागली आणि ती गेली. मग दुसरी आली, तीही गेली. डिप्लोमावाली असली की अनुदान यायचं, गेली की अडायचं. दर वेळी ते गृहस्थ माझ्याकडे बघायचे आणि पुन्हा काही विचारायचे नाहीत. वर्ष झाल्यावर आमच्या संस्थेतून भावाला परत आणण्याबद्दल विचारणा झाली. आई म्हणाली, "माका तुझ्या त्या बाकड्यार बसूक सांगू नको." मी सांगितलं नाही.

आठवडाभर संस्था आणि रविवारी मुलुंड, असं किती वर्षं केलं कोण जाणे. एका रविवारी हॉलमध्ये सतरंजीवर आया बसल्या होत्या, मी त्यांना मुलाला बटण लावायला कसं शिकवायचं ते सांगत होते. भिंतीला टेकले आणि बोलता बोलता डोळा लागला. जाग आली तेव्हा मी सतरंजीवर आडवी होते आणि ऊन सरकून पायांवर आलं होतं. शेजारी बशीनं झाकलेला चहा होता. पलीकडे बायका हलक्या आवाजात बोलत होत्या आणि त्यांच्यातली एक, माझीच आई, शर्टाचा तुकडा पुढं धरून, दुसरीला बटण कसं लावायचं ते दाखवत होती. मी उठायला लागले तशी आईनं हातानंच खूण केली, पडून राहा.

मी चहा घेतला आणि पुन्हा आडवी झाले.