उंबऱ्यातले तीन धोंडे

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. मी देवीची लस टोचणारा सरकारी माणूस. देवी कोपते असं मीच मानलं असतं तर मला पगार कशाचा मिळाला असता? तरीही... हे माझ्याच बाबतीत घडलं.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. सोलापूरजवळ कुंभारीच्या पलीकडे माळावर पारध्यांची पालं आहेत, तिथं कुणालाच लस टोचलेली नाही, असं एका गुराख्यानं सांगितलं. भर दुपारी सायकल काढली. मागे शहरातल्या गिरण्यांची धुराडी दिसत होती. माळावर वाट चुकू नये म्हणून सगळे ती धुराडीच धरून चालायचे.

पालं सापडली. पण एकही कुत्रं भुंकलं नाही. माणसं हातातली कामं टाकून माझ्याकडे बघत उभी राहिली. एक म्हातारी पुढे आली आणि तिनं माझा चेहरा चाचपून पाहिला.

"कुटनं आलास, लेकरा?"

"सोलापुरातनं, आज्जी. लस टोचायला."

"तितं कोन उरलंय व्हय अजून?"

मला वाटलं, थट्टा करतेय. म्हटलं, गच्च भरलंय की शहर. तिनं मान हलवली. "मानमोडीत समदी गेली. गाड्या थांबल्या, भोंगा बंद पडला. आमीच तेवढी उरलो. तवापासनं त्या अंगाला कुनी जात न्हाय."

मानमोडी म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या वेळची तापाची साथ! मी हसलो, मागे वळून बोट दाखवलं, "ती बघा धुराडी—"

धुराडी नव्हती. आभाळ स्वच्छ होतं, नजर पोचेल तिथवर नुसता माळ. रस्ता नाही, तारांचे खांब नाहीत. घरी आई आणि बायको, सुमन, दोघीच होत्या. त्या क्षणी मला खरंच वाटलं, गेल्या.

"घरात कोन हाय?" म्हातारीनं विचारलं. मी दोघींची नावं सांगितली. पालांमागे धोंड्यांची लांबच लांब ओळ होती, मेलेल्या प्रत्येक माणसाचा एक धोंडा. तिनं ओळीच्या शेवटी आणखी धोंडे मांडले. तीन.

"जित्या आहेत त्या," मी ओरडलो.

ती रागावली नाही. तिला माझी कीव आली असावी. "आमच्या ह्या पालांची रीत हाय. जितं हाय म्हननाऱ्यानं धोंडा सोताच्या हातानं उचलायचा, नि घरच्या उंबऱ्यात नेऊन ठिवायचा. एकबी सोडू नगं."

"पण दोघीच आहेत. तिसरा कुणाचा?"

"त्यो बी तुझ्याच घरचा."

म्हणजे माझाच, असं मला वाटलं. त्याला हात लावायचा धीर होईना. शेवटी डोळे मिटून उचलला, तिन्ही पिशवीत कोंबले आणि सायकल ढकलत पळत सुटलो. मागे वळून बघायची छाती नव्हती. ओढा ओलांडून वर आलो आणि गिरणीचा भोंगा वाजला. धुराडी जागच्या जागी होती. मी तिथंच बसून रडलो.

घरी आई ज्वारी निवडत होती. उंबऱ्यात धोंडे ठेवताना बघून म्हणाली, "माणसं संपली का, आता दगडांना टोचतोस?" सुमन बाहेर आली. मी अडखळत घडलं ते सांगितलं, तसा तिचा चेहरा उतरला.

"अहो... मी अजून आईंनाही सांगितलं नव्हतं," ती म्हणाली, आणि तिचा हात पोटाकडे गेला.

दुसऱ्या दिवशी कुंभारीच्या दोघांना घेऊन माळावर गेलो. पालं नव्हती, चुलीची राखही नव्हती. हितली पालं मानमोडीतच संपली असं आमचे म्हातारे सांगायचे, असं ते म्हणाले. धोंड्यांची ओळ मात्र होती, मातीत अर्धी रुतलेली. आणि तिच्या शेवटी तीन ताजे खळगे.

ह्याचा उलगडा मला आजवर झालेला नाही. माझी लेक आता दोन मुलांची आई आहे. माहेरी आली की उंबऱ्यातल्या धोंड्यांना ठेच लागते, मग कुरकुरते, "बाबा, काढून टाका की हे." मी हो म्हणतो. त्यातला तिसरा तिचा आहे, आणि तो मी माळावरच सोडणार होतो, हे तिला कसं सांगू?