अकराचं अनावरण

पुण्याहून निघालो तेव्हा एका स्मारकाचं अनावरण बघायचं, दोन घास खायचे आणि परत यायचं, एवढाच माझा बेत होता. सरपंचाला फसवायचं काम अंगावर येईल, याची कल्पना नव्हती.

आमंत्रण गुलाबचाचांचं. गेल्या वर्षी डोळ्याच्या ऑपरेशनला आम्ही शेजारशेजारच्या खाटांवर होतो. दोघांच्याही एकेका डोळ्यावर पट्टी, त्यामुळे मैत्री चटकन जमली. एकाहत्तरच्या लढाईत ते पलटणीत बिगुल वाजवायचे. आता गावातल्या माजी सैनिकांनी मिळून सगळ्या फौजींच्या नावांचा दगड उभा केला होता.

केडगाव आलं की नगर आलं असं वाटतं. मग वाहतुकीच्या कोंडीत पाऊण तास आपण केडगावातच असतो. नगरला गाडी बदलली, करंजीचा घाट ओलांडला आणि दुपारी तिसगावला उतरलो. तिथे बाजाराचा दिवस होता. मेथीच्या जुड्यांतून वाट काढत चाचा समोर आले आणि म्हणाले, "चला पुनेकर, गाव तीन किलोमीटर हाय. चालायचं, का म्हातारं झालात?" ते पंचाहत्तरचे, मी अठ्ठावन्नचा. चाललो.

घरी चाचींनी शेंगोळे (हुलग्याच्या पिठाची वळलेली कडबोळी, लसणाच्या रश्शात शिजवलेली) वाढले. तिखटानं माझा ऑपरेशन केलेला डोळा आधी वाहू लागला, मग दुसरा.

तेवढ्यात हौसाबाई आल्या. लढाईत गेलेला गावातला एकमेव जवान म्हणजे त्यांचा नवरा. दगडावर पहिलं नाव त्याचंच. छापील पत्रिकेत 'अनावरण सकाळी अकरा वाजता, वीरपत्नी हौसाबाई यांच्या हस्ते' असं होतं. पण वेशीवरच्या नव्या फ्लेक्सवर एका पुढाऱ्याचा भलामोठा फोटो झळकत होता आणि 'हस्ते' या शब्दापुढे त्याचंच नाव होतं.

"सरपंच म्हनतोय, तुमी बाजूला हुबं ऱ्हावा," हौसाबाई चाचांना म्हणाल्या. "गुलाबभाऊ, ह्यांना तिकडंच अग्नी दिला. मला तोंड बघाया मिळालं न्हाई. म्हनलं, निदान दगडावरचा पडदा तरी मी काढीन."

त्या गेल्यावर चाचांनी पेटीतून बिगुल काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसायला घेतला.

"पुनेकर, उद्या तुमी एक करा. अकराला पंधरा कमी असताना सरपंचाला मांडवामागं न्या अन् गुतवून ठिवा. लेखक हाय म्हना."

"मी लेखकच आहे."

"मग सोपं हाय की! खोटं बी बोलावं लागनार न्हाई."

सकाळी दहापासून माजी सैनिक रांगेत उभे होते. कुणी सफारीत, कुणी धोतर-टोपीत, पण छातीवर पदकं सगळ्यांच्या. पुढारी 'वाटेतच' होते. सरपंच दर पाच मिनिटांनी फोन करत होता आणि दर वेळी वाट लांबत होती.

मी वही काढली. "सरपंच, आपल्या कारकिर्दीत गावानं काय काय साधलं, ते जरा निवांत सांगाल का?"

त्याचा चेहरा उजळला. मांडवामागे दोन खुर्च्या टाकून तो बंदिस्त गटार योजनेपासून सुरू झाला. माणूस वाईट नव्हता, गटारांवर त्याचं खरं प्रेम होतं. तो दुसऱ्या गल्लीच्या वळणावर पोचला आणि बिगुल वाजला.

"पाहुणे आले?" म्हणत तो उठून धावला. मागोमाग मी.

पडदा खाली आला होता. रांग सलामीत ताठ. चाचांच्या ओठांवरून बिगुल नुकताच उतरत होता आणि दोन गल्ल्यांचं गाव चिडीचूप झालं होतं. हौसाबाई पडद्याचं टोक हातात धरून दगडापुढे उभ्या होत्या.

"ह्यातलं त्यांचं कोनतं?" त्यांनी विचारलं. त्यांना वाचता येत नव्हतं.

चाचांनी त्यांचं बोट धरून पहिल्या ओळीवर ठेवलं. कोरलेल्या अक्षरांवरून हौसाबाईंनी ते हळूहळू फिरवलं.

"खरखरीत हाय," त्या म्हणाल्या. "त्यांची दाढी अशीच हुती."

सरपंच चाचांच्या कानाशी फणफणला, "चाचा, काय करून ठिवलं हे?"

"पत्रिकेत अकरा लिव्हलंय. फौजेत अकरा म्हंजे अकरा."

सव्वा वाजता गाड्यांचा धुरळा दिसला. सरपंचाला युक्ती सुचली. "पुना झाकू! दोन मिनटाचं काम हाय. पडदा कुठंय?"

पडद्याची घडी करून हौसाबाई त्यावर बसल्या होत्या.

"मावशे, जरा उठा."

"गुडगं लई दुखत्यात रं बाबा," त्या म्हणाल्या आणि आणखी ऐसपैस बसल्या.

पुढाऱ्यानं उघडा दगड पाहिला, घाम पुसणारा सरपंच पाहिला, बसलेली म्हातारी पाहिली. मग वाकून तिच्या पायांना हात लावला, दगडाला हार वाहिला आणि चाळीस मिनिटं बोलला. त्याला काहीच कळलं नाही, किंवा सगळं कळलं. पुढाऱ्यांचं सांगता येत नाही.

परतीच्या गाडीत वही उघडली, तर तीन पानं भरून गटारं होती. पडदा सरकला त्या क्षणाची एकही ओळ नव्हती. प्रवासाला जाणाऱ्याला सगळं आपल्या डोळ्यांनी बघायची हाव असते, मलाही आहे. पण घाट चढताना वाटलं, काही गोष्टी नीट घडाव्यात म्हणून कुणाला तरी त्या बघायच्या सोडाव्या लागतात. ते काम या वेळी माझ्याकडे आलं होतं आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नव्हतं.

घरी बायकोनं विचारलं, "कसं झालं अनावरण?"

"उत्तम," मी म्हणालो. "मी नव्हतो तिथे."