समुद्रानं नेलेली चादर

शाळा माझी दुसरीपर्यंत. पण भवानी पेठेत मागावर चादर विणणारा माझ्यासारखा दुसरा नव्हता. हे मी सांगत नाही, लोक सांगायचे.

जावई एसटीत कंडक्टर, घर कोकणात, एका बंदराच्या गावी. दुष्काळ सरला तसा लेकीला भेटायला तिकडं गेलो. संगं कडक भाकरी, शेंगाचटणी आणि मी विणलेली लालभडक चादर.

व्याह्यांनी मला गाव दाखवायला काढलं. ह्या धक्क्याला पूर्वी अरबांची गलबतं लागायची म्हणे. पाण्यातला किल्ला दाखवून म्हणाले, "तोफा खाल्ल्या, पण हलला नाही."

मी म्हटलं, "आमच्यात बी किल्ला हाय की. जायला होडी लागत न्हाय."

दीपगृह दाखवलं, त्यापुढं मी गिरणीची चिमणी उभी केली. समुद्रापुढं मात्र अडलो. आमच्या तळ्याचं नाव ओठावर आलं होतं, पण दुष्काळात तिथं नुसता चिखल बघितलेला. गिळलं.

व्याह्यांना तेवढं पुरलं. म्हणाले, "चादर झकास हो तुमची. पण खाऱ्या पाण्यात रंग टिकायचा नाही."

झालं. लेकीच्या सासरी माझा रंग उतरणार? "उद्या सकाळी बघू," म्हटलं.

सकाळी चादर समुद्रात बुचकळली, पिळली, वाळूवर पसरली आणि तळ्याकाठी ठेवतो तसे चार कोपऱ्यांवर दगड ठेवले. माडाखाली टेकलो, डोळा लागला. तळ्याचं पाणी कधी उठून माणसाच्या अंगावर आलं नव्हतं. जागा झालो तर वाळूच नाही, तिथं समुद्र. चादर गेलेली.

विहीणबाई म्हणाल्या, "रंग जाईल म्हणत होते, ही तर सगळीच गेली." लेक पदर तोंडाला लावून हसत होती. माझीच लेक.

उद्याचं तिकीट होतं. "चादर बघितल्याबिगर हलणार न्हाय," मी सांगून टाकलं.

तिसऱ्या दिवशी एका कोळणीनं ती टोपलीतनं आणली. जाळ्यात गावली होती. मासळीचा वास, घडीत एक खेकडा. व्याह्यांनी खेकडा काढला आणि ओली चादर आपल्या पांढऱ्या धोतरावर खसाखसा घासली. मी धोतराकडं बघत होतो. पांढरंच राहिलं.

"पक्का हो रंग," ते म्हणाले.

एसटीत चढताना मी म्हटलं, "तुमचा समुद्र बी बरा हाय."