मामांचा लाडका शब्द

माझ्या धुळ्याच्या मामांनी एका इंग्रजी शब्दावर केलं तेवढं प्रेम खुद्द इंग्रजांनीही केलं नसेल. तो शब्द ‘फ्रजाईल’. इंग्रजीचे मास्तर म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी फुटण्याजोग्या प्रत्येक वस्तूवर तो लाल रंगात लिहायचा सपाटाच लावला. लोणच्याची बरणी झाली, आरसा झाला, शेजाऱ्यांची कुंडीसुद्धा सुटली नाही. पाहुण्याच्या हाती कप देण्याआधी ते शब्दाची कुळकथा ऐकवत. “लॅटिन फ्रांगेरे, म्हणजे तोडणे. त्यातून फ्रजाईल. हाड मोडलं की फ्रॅक्चर, तेही त्याच घरातलं. आणि फ्रेल हा सख्खा भाऊ, फ्रान्समार्गे आलेला. वस्तू फ्रजाईल, म्हातारं माणूस फ्रेल. गल्लत करायची नाही!” तोवर चहावर साय धरलेली असे. साऱ्या गावाला ऐकवून झालं तरी यांचं संपत नाही म्हणून आतून मामी अहिराणीत ओरडायची, “बठ्ठा गावले सांगी झायं, आते त्यास्ले चहा पेऊ द्या!”

दर उन्हाळ्यात मामी ज्वारीचे बिबडे करते आणि मामा त्यांचा डबा भडगावला दिलेल्या लेकीकडे एसटीने पाठवतात. बिबडा म्हणजे नजरेनेही तडकेल असा पापड, तेव्हा डब्याला सगळीकडून फ्रजाईल. यंदा स्टँडवर मामा हमालाला लॅटिन समजावू लागले. तो बिचारा म्हणाला, “सर, डबामा काय शे तेवढं सांगा ना!” झालं, मामांचं डोकं फिरलं. डबा स्वतःच ठेवायला म्हणून ते बसमध्ये चढले आणि डबा छातीशी धरूनच पायरीवरून घसरले. डबा भडगावला पोचला, एकही बिबडा तुटला नाही. मामांचा पाय मात्र मोडला. डॉक्टरांच्या तोंडून ‘फ्रॅक्चर’ ऐकताच ते कण्हता कण्हता मला म्हणाले, “बघ, त्याच घरातलं!”

पण ऑपरेशननंतर मामा गप्पच झाले. पूर्वीसारखं चालता येईल की नाही, हे डॉक्टर नक्की सांगेनात. ज्या बडबडीला आम्ही कंटाळायचो, ती बंद झालेली मला बघवेना.

घरी आणताना मामीने रिक्षात त्यांचा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला होता. पहिल्याच खड्ड्याला ती रिक्षावाल्यावर कडाडली, “भाऊ, धीरे चालाव! हाऊ माणूस फ्रजाईल शे. लॅटिन शब्द शे तो. तुटनारी वस्तूले म्हंतस.”

मी मामांकडे पाहिलं. माणसाला फ्रेल म्हणतात, ही दुरुस्ती त्यांच्या ओठांवर आलेली स्पष्ट दिसत होती. जन्मभर कुणाची एक चूक न सोडलेल्या त्या माणसाने मामीचा हात हातात घेतला.

“बरोबर शे,” मामा म्हणाले.